पिवळ्या शेपटीचा मासा

नवऱ्याच्या, लहानूच्या, त्या जपानी माशावर धुरपताचा काडीचा विश्वास नव्हता. मासा खुशाल असेल हो, त्याच्याशी तिला काय करायचंय! पण तो रांधून घालत कोण होतं, हे लहानू कधी सांगत नव्हता. तिथंच पाणी मुरत होतं.

लढाई संपल्यावर फौजेनं त्याला जपानात नेलं होतं. स्वराज्य आलं त्या साली तो परतला, त्यालाही पाच-सहा वर्षं झाली. तरी आंजी गावात कुणी मासोळीचं नाव काढलं की गडी सुरू. "अबे, हे काय मासोई? तिकडं समुद्रात पिवळ्या शेपटीचा मासा राहे. सायेब दोरी टाके निस्ती मौज म्हून. मासा असा ओढे का नाव फिरून जाये! सायबाची हौस फिटली का मासा आमाले."

पारावरचे लोक हसायचे. शेजारची रुख्माबाई तर धुरपताला कोपरानं ढोसून म्हणाली होती, "पिवळ्या शेपटीची कोनी राहून गेली दिसते व माय तिकडं." बोलून गेली मेली, आणि हिच्या डोक्यात किडा सोडून गेली.

आणि संशय का येऊ नये? हा माणूस परत आला तेव्हा त्यानं गुलाबचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. गुलाब त्यांचा पहिला मुलगा. बाप फौजेत गेला तेव्हा तो अंगावर पीत होता, आणि बाप जपानात असताना तापानं गेला. धुरपतानं एकटीनं त्याला माती दिली. लहानू आला, हातपाय धुतले आणि संध्याकाळी पारावर मासा सांगत बसला. मासा! असा बाप असतो का कुठं? याचं मन तिकडंच कुठंतरी अडकलंय, हे तिनं तेव्हाच धरून ठेवलं होतं.

त्या दिवशी लहानूनं धाम नदीच्या डोहातून चांगला हातभर रोहू आणला. एरवी घरात चिल्लर मासोळ्या, काट्यासकट चावून खायच्या. धुरपतानं झणझणीत रस्सा केला. जेवताना लहानूनं तो परतल्यावर झालेल्या धाकट्या लेकीला, सुलोचनाला, मांडीवर घेतलं आणि तिला भरवायला लागला.

धुरपताचा घास हातातच राहिला. लहानू माशाचा तुकडा अंगठ्यानं दाबत होता, काटा लागला की अलगद ओढून ताटाच्या काठावर ठेवत होता. मग तुकडा स्वतःच्या ओठांना लावून पाहायचा, आणि मगच पोरीच्या तोंडात. हा हात सरावलेला होता. पण कुणाच्या लेकरावर सरावला? गुलाबला त्यानं कधी घास भरवला नव्हता, आणि सुलोचनाच्या ताटात मोठा मासा आजच पडला होता.

तिनं हातातला घास ताटात टाकला.

"अवो, तिकडं लेकरू होतं?"

लहानूचा हात थांबला. "होतं."

"तुमचं?"

"नाई. नाववाल्या बुढ्याचा नातू."

"अन् त्याची माय? तेच रांधे ना?"

"तेच रांधे. तिचा नवरा लढाईतून आलाच नाई. वाट पाहे बिचारी."

"खोटं बोलून राह्यले तुमी! परक्याच्या लेकराचे काटे कोन काढते?"

लहानू ताटाकडं बघत बोलला. "गुलाब गेल्याचं मले तिकडं कयलं. त्याच दिवशी सायबानं नावेवर नेलं. तो हसून राह्यलता, मासा ओढून राह्यलता, अन् मी वल्हं धरून बसलतो. मंग मासा घेऊन बुढ्याच्या घरी जेवाले गेलो, त ते लेकरू आपल्या मनानंच मांडीवर येऊन बसलं. म्या काटे काढले. मंग रोज जात गेलो."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगाले जावो, अन् तोंडातून मासाच निंगे."

धुरपताचा संशय अजून हटत नव्हता. तिकडचं एखादं नाव आता याच्या तोंडून कसं गोड निघतं, ते तिला ऐकायचं होतं. "काय म्हनत होते तुमी त्या लेकराले?"

"गुलाब," लहानू म्हणाला. "तेबी ओ दे."

सुलोचना पुढच्या घासासाठी तोंड उघडून बसली होती. धुरपतानं ताट आपल्याकडं ओढलं आणि काटे काढायला लागली. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, म्हणून तिनंही तो तुकडा आधी स्वतःच्या ओठांना लावून पाहिला.