चार बोटांवरचे कापड

"आजी, तुमचा दिवस कसा जातो?" त्या मुलीने विचारले.

"दिवस ना? येतो तसा जातो," आई म्हणाली.

मुलगी हसली. डोळ्यांच्या दवाखान्यात रुग्णांना लेन्स समजावून सांगणे हे तिचे काम होते, आणि त्यासाठी तिला एक वेगळी खोली दिली होती. टेबलावर डब्यासारखा उघडणारा, मुठीएवढा प्लास्टिकचा डोळा होता. शेजारी मखमलीच्या खाचांत तीन नमुन्याच्या लेन्स होत्या, मुगाच्या टरफलासारख्या. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. त्या तिघींतली कुठली आत बसवायची, एवढेच ठरायचे होते.

"तसं नाही आजी. वाचन करता? टीव्ही बघता? मोबाइल? गाडी चालवता?"

आईने माझ्याकडे पाहिले. यांतले तिला काहीच लागू होत नव्हते. मी तोंड उघडेपर्यंत दादाने उत्तर दिले. "घरीच असते ती. आता आराम करायचे दिवस आहेत तिचे."

मुलीने मान डोलावली आणि पुढे सांगू लागली. पहिल्या लेन्सने लांबचे दिसते, जवळच्यासाठी चाळिशी लागते. दुसरी साधारण तशीच, जरा बरी. तिसरीत लांबचे, मधले, जवळचे, तिन्ही येतात. दादाचा हात कधीच तिसरीवर जाऊन थांबला होता. सगळ्यात चांगली हीच ना, मग हीच, दोन्ही डोळ्यांना, असे तो म्हणाला. आईसाठी काही घ्यायचे तर तो दुसऱ्या नंबरचे कधी घेत नसे.

"जवळचं तेवढं राहू दे हं," आई म्हणाली.

"राहणार ना आजी. हे बघा, असं आरामात वाचाल." मुलीने एक छापील कार्ड वीतभर अंतरावर धरून दाखवले. "चष्म्याला कायमची सुट्टी."

आईने मान हलवली. शिकलेल्या माणसाने समजावून सांगितले की दोनदा विचारायचे नाही, अशी तिची रीत होती.

आई रफू करायची. घरीच असायची हे खरे. खिडकीखालच्या खुर्चीत बसून ती कोट, शाली, सुटाच्या विजारी सांधायची. सिगारेटने पडलेले भोक, खिळ्यात अडकून फाटलेली बाही, कसरीने खाल्लेली कॉलर. धागा बाहेरचा घेत नसे. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीत दडलेल्या कापडातून एकेक तंतू ओढून काढायचा, भोकावर आधी उभे धागे घालायचे, मग आडवे, एकाच्या वरून, एकाच्या खालून. विणकराने मागावर जे केले तेच ती सुईने करी.

आणि हे सगळे चष्मा काढून. लहानपणापासून तिला फार मोठा नंबर होता. चष्म्याशिवाय समोरचे माणूस म्हणजे तिला नुसता धूर. पण कापड नाकापासून चार बोटांवर आणले की आपल्याला भिंगातूनही नीट दिसणार नाहीत ते धाग्याचे पीळ तिला उघड्या डोळ्यांनी दिसत. बाबा होते तेव्हा म्हणायचे, हिला कापड नाकाने दिसते. गल्लीत तर तिचे नावच पडले होते, वासवाल्या बाई. त्यावर ती कधी रागावली नाही. म्हणायची, वास आला तर सांगते की, धुऊन आणा.

काम परत देताना तिचा एक नेम होता. कपडा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा आणि म्हणायचे, "शोधा." भोक कुठे होते ते त्याला सापडले, तर कपडा परत घ्यायचा आणि रफू उसवून नव्याने करायचा. आमच्याकडे एक म्हातारे वकील येत. त्यांचे काळे कोट कोपरावर झिजत. ते कोट खिडकीशी नेऊन उलटसुलट करत, बोट फिरवत, शेवटी हार मानत. "बाई, तुम्ही पुरावाच ठेवत नाही," म्हणत.

पहिला डोळा झाला. पट्टी निघाली त्या सकाळी आईने पलंगावर पडल्या पडल्या भिंतीवरचे घड्याळ वाचले. चष्म्याशिवाय, आयुष्यात पहिल्यांदा. मग छताच्या कोपऱ्याकडे बघून म्हणाली, "एवढी जळमटं होती, आणि कोणी बोलला नाहीत." आम्ही हसलो. दादा हसता हसता रडला. त्या सकाळचा आनंद खोटा होता असे मी म्हणत नाही.

दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी काम करायला हरकत नाही म्हणून सांगितले आणि आई खुर्चीत बसली. कापड सवयीने नाकाशी नेले. धूर. लांब नेले, वीतभर, तसे ते स्वच्छ झाले. पण वीतभरावर ते नुसते कापड होते. त्यातले धागे दिसत नव्हते. ती कापड पुढे नेत होती, मागे आणत होती, पण नेमकी जागा सापडत नव्हती. दिवा लावला तर दिव्याभोवती कडी दिसू लागली, एकात एक. मी म्हटले, बसेल सवय.  तिने नव्या डोळ्यावर रुमालाची घडी बांधली आणि जुन्या डोळ्याने काम सुरू केले. त्यात मोतीबिंदू होता, मळक्या काचेतून बघावे तसे दिसत होते, पण चार बोटांवर दिसत होते.

वकिलांचा कोट तिने तसाच केला. ते आले तेव्हा मी घरात होते. आईने रुमाल सोडून ठेवला, कोट पुढे केला आणि म्हणाली, "शोधा."

वकिलांनी कोट खिडकीशी नेला. त्यांचे बोट कोपरावरून खाली सरकले, एका जागी थांबले, आणि पुढे गेले. मला दाराशी उभे राहूनही ती जागा दिसत होती. तिथे काळा रंग किंचित वेगळा पडला होता आणि कापड आवळल्यासारखे दिसत होते. वकील बराच वेळ बाकीचा कोट बघत राहिले. खिसे बघितले, कॉलर बघितली.

"नाही बुवा सापडत," ते म्हणाले.

आईने त्यांना पाणी दिले. जिन्यापर्यंत सोडायला गेली. परत आल्यावर म्हणाली, "भला माणूस. खोटं बोलायची सवय नसताना बोलला." त्यानंतर तिने कोणाला शोधा म्हटले नाही.

आता दुसरा डोळा उरला होता. तो तिला जवळचा हवा होता. तिचा होता तसा, चार बोटांवरचा. लांबचे बघायला एक झाला की, ती म्हणाली, सगळीच भाकरी एका बाजूला कशाला भाजायची. दादाला आधी कळवू नको, डॉक्टरांना विचारू, असे तिनेच सांगितले. मी तिला घेऊन गेले आणि सगळे बोलले: काम, अंतर, रुमाल. डॉक्टरांनी ऐकून घेतले. माणूस वाईट नव्हता.

"इतका नंबर मुद्दाम कोणी ठेवत नाही," ते म्हणाले. "फार तर पुस्तक वाचण्याइतका जवळचा ठेवता येईल."

"पण ठेवता येतो का?" आईने विचारले.

"येतो म्हणजे, येतो. पण एक डोळा लांबचा आणि एक इतका जवळचा झाला तर दोन्हींचा मेळ बसणार नाही. चक्कर येईल. जिन्यावरून पडाल."

"काम बसूनच असतं," आई म्हणाली.

ते हसले. वय किती, काम अजून किती वर्षे करणार, असे विचारले. आईने हातांकडे पाहिले आणि म्हणाली, हात तर बरे आहेत. शेवटी डॉक्टर म्हणाले की त्यांचा सल्ला नाही. पण घरच्यांनी मिळून ठरवले आणि धोका समजून घेतला, तर ते करून देतील. घरच्यांनी मिळून, हे शब्द त्यांनी दोनदा वापरले.

घरचे म्हणजे दादा. तो ऐकून भडकला. मला म्हणाला, तू तिच्या डोक्यात भरवतेस. लोक मोतीबिंदू काढून चष्मा घालवतात, आणि ही नंबर मागून घेते, हात दाखवून अवलक्षण. मी म्हटले, डोळा तिचा आहे. तो म्हणाला, आणि पडली तर उचलायचं कोणी? भांडण वाढत गेले. त्यात माझे लग्न, त्याची नोकरी, बाबांचे आजारपण, सगळे निघाले. आई दोघांच्या मध्ये बसून एका सोडवलेल्या शिवणीतले धागे वेचत होती.

मग दादाचा आवाज उतरला. तो आईकडे वळला.

"मी शाळेतून यायचो तेव्हा तुझी मान वाकलेली. जेवायला बसायचो तेव्हा वाकलेली. तुझा चेहरा मला आठवतच नाही आई, नुसता भांग आठवतो. आता तरी वर बघ ना."

  आईने धाग्यांची गुंडी केली, मुठीत धरली आणि म्हणाली, "बरं. तू म्हणतोस तसं."

तो स्वयंपाकघरात गेल्यावर मी तिला म्हटले, अजून नाही म्हणता येईल. ती म्हणाली, "त्याने एवढं मनात ठेवलंय हे मला कुठे माहीत होतं? राहू दे. त्याचं मन मोडून मी कोट सांधत बसू का?"

दुसरा डोळा पहिल्यासारखाच झाला. शेजारच्या काकू बघायला आल्या आणि म्हणाल्या, आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. आई म्हणाली, "हो. कोणता मागितला ते विचारायचं राहिलं त्याचं." काकूंना तो विनोद वाटला.

मी तिला स्टँडवरचे मोठे भिंग आणून दिले. त्याच्याखाली हात घातला की सुईवर सावली पडे, आणि हात बाहेर काढला की टाका हरवे. पन्नास वर्षे तिचे हात, कापड आणि डोळे एका ठरलेल्या अंतरावर एकमेकांना भेटत आले होते. ती जागाच आता राहिली नव्हती. तिने आठवडाभर प्रयत्न केला. मग भिंग मला परत दिले, तुझ्या मुलीला शाळेत होईल म्हणाली. शिंपी आणि धुलाईवाले काम घेऊन आले की ती सांगे, कंटाळा आला हो आता, खूप झालं. दिसत नाही असे ती एकदाही म्हणाली नाही. लोकांनाही ते पटले. मुलगा एवढा कर्ता, म्हातारीने कशाला करायचे.

दादाकडे पाहुणे आले की तो आईला खिडकीशी बोलावी. "आई, समोरची पाटी वाच." आई वाची. औषधाचे दुकान, त्याखाली वेळ, त्याखाली बंद असण्याचा वार. "बिनचष्म्याचं," दादा म्हणे. पाहुणे वा वा करत. आई वाचून झाल्यावर शाळेतल्या मुलीसारखी क्षणभर उभी राही, अजून काही वाचायचे आहे का म्हणून, आणि मग खुर्चीत जाऊन बसे. मान ताठ असायची. दादाला हवी होती तशी. तो तिच्याकडे बघायचा आणि तिचा चेहरा खिडकीबाहेर असायचा.

खिडकीतून ती रस्त्यावरची माणसे बघत राही. एकदा मी गेले तर म्हणाली, "तो चाललाय ना, करड्या कोटातला. पाठीवर ठिगळ लावलंय मशीनने. इथून दिसतं." मी वाकून पाहिले. मला तो माणूस दिसत होता, ठिगळ दिसत नव्हते.

ती गेली त्या दिवशी दादा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, शेवटपर्यंत चष्मा लागला नाही तिला. रडत सांगत होता. मी पाण्याचे पेले भरत होते. कोणीतरी मला म्हणाले, भाग्यवान होती तुमची आई. मी पेला पुढे केला.

त्याच्या आदल्या आठवड्यात ती रुग्णालयात होती. कामावरून मी थेट तिकडे गेले. वॉर्ड लांबलचक होता आणि तिची खाट पार दुसऱ्या टोकाला. मी दारात पाऊल टाकले आणि तिने तिथून हात वर करून मला बोलावले. जवळ गेल्यावर म्हणाली, "बाही कशात अडकली?"

माझ्या कोटाच्या बाहीला, मनगटाशी, डाळीएवढे भोक पडले होते. माझ्या लक्षातही आले नव्हते. मी म्हटले, असू दे ग, जुनाच आहे. तिने माझा हात ओढून घेतला. बाही नाकाशी नेली, चार बोटांवर, आणि तिथेच धरून राहिली. श्वास लागत होता मनगटाला. मग हात लांब केला आणि बाही मांडीवर ठेवली.

"लोकर आहे. चांगली आहे," ती म्हणाली. अंगठ्याने तिने भोकाची कड चाचपली, सुटलेले दोन धागे आत सारले. बाहीचा काठ एकदा दुमडला. भोक अर्धे दिसत होते. पुन्हा दुमडला, तळव्याने दाबून घडी बसवली. जरा थांबली. मग माझा दुसरा हात मागितला, आणि ती बाहीही तेवढीच दुमडली.