बाईंचा हात

डॉक्टरीणबाईंनी नवा ड्रेस अंगावर चढवला, आरशासमोर दोन्ही हात वर केले आणि तोंड वाकडं केलं.

“मुंढ्यात ओढतोय गं.”

शिवणबाईंच्या सुनेने काखेतून बोट फिरवलं. कापड कुठेच ओढत नव्हतं.

“बाईंच्या हाताची सर नाही, दुसरं काय!” डॉक्टरीणबाईंनी आपल्या जुन्या ड्रेसची बाही उलटी करून तिच्यापुढे धरली. “हे बघ. याला म्हणतात काम. शीक जरा.”

सून त्या शिलाईकडे बघत राहिली. शिलाई तिचीच होती. सासूबाईंची नजर अधू झाली, हात थरथरायला लागले, तेव्हापासून दुकानातला प्रत्येक कपडा तिनेच बेतला होता. सासूबाई गळ्यात टेप अडकवून पुढे बसायच्या, गिऱ्हाइकांशी गप्पा मारायच्या, कौतुकं झेलायच्या. सून पडद्यामागे मशीन चालवायची. बरं, सासूबाई दुष्ट असत्या तर रागावता तरी आलं असतं. कात्री धरायला त्यांनीच शिकवलं होतं, बाळंतपणात आईसारखं केलं होतं. जाताना हात धरून एवढंच मागितलं, “माझं नाव जाऊ देऊ नकोस, पोरी.”

नाव काही जात नव्हतं. गिऱ्हाइकं मात्र एकेक करून चालली होती.

“जमत नसेल तर तसं सांग. दुसरीकडे टाकते.”

“जमेल हो, न जमायला काय झालं?” इस्त्री करता करता नवरा मध्येच बोलला. “ठेवून जा.”

त्या गेल्यावर सुनेने ड्रेस खुंटीला अडकवला. आग लागो त्या मुंढ्याला, असं पुटपुटली आणि आठवडाभर तिकडे फिरकलीसुद्धा नाही.

डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या तेव्हा तिने तोच ड्रेस झटकून त्यांच्या हातात दिला.

“बाईंनी कागदावर कापून ठेवलेला बेत सापडला. त्यावरून मुंढा पुन्हा केला.”

डॉक्टरीणबाईंनी हात वर केले, खाली घेतले, पुन्हा वर केले.

“आत्ता कसं!” त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. डोळे भरून आले. “गेली तरी गिऱ्हाइकाची काळजी वाहतेय, बघ. आणखी दोन कापडं पाठवते. त्याच बेतावर हं. तुझी अक्कल चालवू नकोस.”

त्या पायऱ्या उतरल्या आणि नवरा खो खो हसत सुटला.

“अगं, हात तरी लावलास का त्या ड्रेसला? कालपर्यंत खुंटीवरच होता की!”

सुनेला हसू आलं नाही.

“कोण काय शिवतं, ते तुला कळत होतं?”

“न कळायला मी आंधळा आहे का? घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं.”

“मग इतक्या वर्षांत एका शब्दाने बोलला नाहीस?”

“आईला वाईट वाटलं असतं गं.”

तो पुढे आणखी काही म्हणेल, म्हणून ती थांबली. त्याने पुढचा कपडा इस्त्रीखाली घेतला. दारात एक नवीन गिऱ्हाईक चपला काढत होतं. सासूबाईंचा टेप त्यांच्या फोटोला अडकवलेला होता. सुनेने नवऱ्याला त्याकडे बोट दाखवलं.

“तो दे काढून. माप घ्यायचंय.”

“तो आईचा आहे गं,” नवरा म्हणाला. “तुझा असेल बघ पडद्यामागे.”