अंगठ्याची जागा

आधी नोएलाला वाटलं, बाबांचं काहीतरी चुकलं.

सुरी तिला त्यांच्या कामाच्या शेडमध्ये मिळाली. खिडकीखालच्या फळीवर, पावाच्या मेणकागदात गुंडाळलेली. पातं वेगळं, मूठ वेगळी, आणि दोन्ही एकत्र बांधायची कच्च्या कातड्याची वादी गुंडाळी करून बाजूला. बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते. नदीवरचा बर्फ अजून तडकायचा होता.

वाकडी सुरी ओळखायला तिला वेळ लागला नाही. घरातल्या बायका टोपल्या विणत, पुरुष टोपल्यांच्या कडा, मुठी आणि वल्ही तासत, आणि सगळ्यांचं काम याच सुरीवर चाले. जुन्या कानशीचं पातं, पुढे बाक दिलेलं. धार एकाच अंगाला, दुसरं अंग सपाट. तळहात वर करून मूठ धरायची आणि सुरी आपल्या छातीकडे ओढायची. अंगठा मुठीच्या तिरक्या टोकावर टेकतो, तिथे त्याच्यापुरता खळगा कोरलेला असतो. तो माणसागणिक वेगळा. म्हणून ही सुरी कुणी उसनी देत नाही आणि मागतही नाही.

या मुठीवरचा खळगा कोरायचा राहिला होता.

एकोणीस वर्षांची असताना तिने बाबांकडे स्वतःची सुरी मागितली होती. "पुढच्या हिवाळ्यात," ते म्हणाले होते. मग ती शहरात गेली, ग्रंथालयात नोकरीला लागली. तेहतीस हिवाळे गेले. मागण्याची आधी थट्टा झाली, नंतर थट्टाही थांबली. आणि आता ही. तिने मूठ उजव्या हातात घेतली आणि पातं खाचेला लावून पाहिलं. पातं खाचेत चपखल बसत होतं, सुरी मात्र हातात बसत नव्हती. धार उलट्या अंगाला पडत होती. फिरवून धरली तर अंगठा कुठेच टेकेना. बाबांनी उभ्या आयुष्यात शंभर तरी सुऱ्या केल्या असतील. त्यांतली शेवटचीच अशी कशी?

तिने सगळं पुन्हा कागदात गुंडाळलं आणि ती दोन घरं सोडून वेंडल काकाकडे गेली.

बाबांचा हा धाकटा भाऊ सत्तरीचा होता. त्याने कपाळावरचा चष्मा खाली घेतला, पातं उजेडात धरलं, आणि तो हसायला लागला.

"तुझ्या बापाचं काही चुकलेलं नाही, पोरी. ही डावऱ्याची सुरी आहे."

"आपल्यात डावरं कोण आहे?"

"कुणी नाही." काका विचारात पडला. "टपालवाली आहे. परवाच माझ्यासमोर डाव्या हाताने लिहीत होती."

"काका."

"मी आपलं सांगितलं. तुझा बाप तिच्यासाठी दारात थांबायचा, एवढं खरं. पार्सल यायचं नसलं तरी."

नोएलाला हसू आलं नाही. क्षणभर तिने खरोखरच त्या टपालवालीचा चेहरा आठवून पाहिला होता, आणि त्याची तिला लाज वाटली.

"मूठ कुणाच्या मापाची आहे?" तिने विचारलं.

काकाने तिचा हात उलटा केला, मूठ तळव्यावर आडवी ठेवली आणि बोटं मिटवून पाहिली. "तुझ्या मापाची. पण तुझे हात म्हणजे तुझ्या बापाचेच हात. तेव्हा यावरून काही कळायचं नाही."

एवढ्यात थिओडोरा आत्या बीन्सचं भांडं घेऊन आत आली. ती दोघा भावांची थोरली बहीण. दर शनिवारी ती भांडं घेऊन येई आणि दर शनिवारी काकाच्या चुलीला नावं ठेवी. "हे काय घर आहे की मासे ठेवायची खोली? लाकूड घाल त्यात, वेंडल." मग तिचं टेबलाकडे लक्ष गेलं. "ही अजून अशीच आहे?"

"तुला माहीत होती ही?" नोएलाने विचारलं.

"माहीत म्हणजे? स्वतःसाठी करत होता तो. उजवा हात चालला होता ना त्याचा." आत्याने भांडं खाली ठेवलं. "सप्टेंबरपासून. आधी करंगळी, मग सगळा पंजा. शर्टाची बटणं मी लावून द्यायचे. म्हणाला, डावा आहे की अजून, त्याला शिकवतो."

"मला का नाही सांगितलं?"

"त्याने सांगू दिलं नाही. आणि तू विचारलं नाहीस."

दर रविवारी ती बाबांशी फोनवर बोलायची. नदी, थंडी, कोण आजारी, कोण गेलं. फोन कुठल्या हातात धरलाय, हे कुणी फोनवर विचारतं का?

पण उत्तर तर मिळालं होतं. सरळ होतं, पटण्यासारखं होतं. सुरी तिची नव्हतीच. एका म्हाताऱ्या माणसाने आपल्या उरलेल्या हातासाठी करायला घेतली होती, आणि तो हातही गेला. नोएला सुरी कागदात गुंडाळू लागली.

"नोएला डावरी होती," वेंडल काका म्हणाला.

आत्या गर्रकन वळली. "वेंडल, जेव आता."

"होती ना पण! चार वर्षांची होईपर्यंत."

"मी?" नोएला म्हणाली. "मी उजव्या हाताने लिहिते. सगळंच उजव्या हाताने करते."

"आता करतेस. आमची आई म्हणाली, हिला विणायला बसवू कुठे? हिचं कोपर शेजारणीच्या टोपलीत जातंय. घरात एक सुरी डाव्या हाताची नाही, एक साचा नाही. मग तुझ्या बापाने तुझ्या उजव्या मनगटाला धागा बांधला. विणायची पट्टी उचलायची ती धाग्याच्या हाताने. डावा पुढे आला की तो नुसता धाग्याकडे बोट दाखवायचा. ओरडला नाही कधी."

"लाल लोकरीचा," नोएला म्हणाली.

"बघ!"

तिला आठवत होता तो. रोज सकाळी बाबा गुडघ्यावर बसून बांधायचे, आणि तिला तो फार आवडायचा. ग्रंथालयातल्या पहिल्याच वर्षी आपल्या जमातीवर लिहिलेली दोन कपाटं पुस्तकं तिने त्या धाग्यासाठी चाळली होती. नजर लागू नये म्हणून, आजार टळावा म्हणून, काहीतरी असेल. कुठेच नव्हता. शेवटी घराण्यातली जुनी चाल असेल असं तिने स्वतःच ठरवून टाकलं, आणि एकदा सहलीला आलेल्या शाळेच्या मुलांना तसं सांगितलंही.

"म्हणजे ही माझी?" तिचा आवाज तिला स्वतःलाच लहान मुलीसारखा वाटला.

"दुसऱ्या कुणाची असणार?"

"अरे, पण तो असं कधी बोलला का?" आत्या म्हणाली. "माझ्याकडे बोलला, डाव्याला शिकवतो म्हणून. तुझ्याकडे काय बोलला?"

काकाने डोकं खाजवलं. "कानस मीच दिली त्याला. नोव्हेंबरात. म्हटलं, काय करणार आहेस? तर म्हणाला, उशीर झालाय."

"कशाला उशीर?"

"ते मी नाही विचारलं. मला वाटलं, जेवायला."

मग आत्याच आधी हसली, डोळे पुसत. "दोन गाढवं. एक बोलत नाही, दुसरा विचारत नाही."

नोएलाने दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. हात सप्टेंबरात गेला, कानस नोव्हेंबरात घेतली, म्हणजे सुरी बाबांचीच. पण मग तेहतीस वर्षं पुढचा हिवाळा का? सुरी करायची झाली तर कुठल्या हाताची करायची, हे त्यांना ठरवता येत नव्हतं का? की त्यांचा स्वतःचा हात गेल्यावर त्यांना तिचा आठवला? आणि तसं असेल, तर तिने रागवायचं की रडायचं?

"तशीच पेटीत ठेव," आत्या म्हणाली. "काही बिघडत नाही."

"अर्धी सुरी ठेवून काय करायची?" काका म्हणाला. "उद्या वादी भिजत घाल. बांधायला मी येतो, ओढायला दोन माणसं लागतात."

दुसऱ्या दिवशी तिने वादी कोमट पाण्यात घातली आणि ती खिडकीपाशी बसली. वादी बांधली की ती सुकताना आवळत जाते, मग पातं हलत नाही. त्याआधी खळगा कोरायला हवा होता. बाबांचा अंगठा आता मोजता येणार नव्हता. तिने मूठ डाव्या हातात धरली. काही आठवलं नाही. हात अनोळखी घरात बसलेल्या पाहुण्यासारखा अवघडून राहिला. तरी तिने अंगठा टेकवला आणि दुसऱ्या हाताने त्याच्याभोवती पेन्सिल फिरवली. मग छोटा चाकू घेऊन ती रेघेच्या आत हळूहळू कोरत गेली. अंगठा ठेवून पाहायची, पुन्हा कोरायची. यात दुपार गेली.

काका आला. त्याने खळग्यात आपला अंगठा घालून पाहिला आणि लगेच बाहेर काढला.

"म्हणजे तू माझं ऐकलंस."

"नाही."

"मग थिओचं?"

"तिचंही नाही. कुणाचा तरी अंगठा लागणारच होता ना."

काकाने मान हलवली. त्याने मूठ गुडघ्यांत दाबून धरली, नोएलाने ओली वादी ओढली. नऊ वेढे बसले. शेवटचं टोक त्याने आत खोचलं आणि जाताना म्हणाला, "दोन दिवस हात लावू नकोस. चुलीच्या फार जवळही ठेवू नकोस."

मंगळवारी तिने ॲश झाडाच्या लाकडाचा एक तुकडा घेतला आणि सुरी डाव्या हाताने छातीकडे ओढली. सुरी खोल रुतली आणि अडली. सोडवून पुन्हा ओढली, तर वरच्या वर घसरली. उजव्या हाताला नुसतं लाकूड धरून बसणं जमत नव्हतं. तो सारखा सुरीकडे येत होता. पायांशी तुटक्या, जाड ढलप्या पडत होत्या. आठ वर्षांच्या मुलीने याहून बरं तासलं असतं.

मग एक ढलपी लांब निघाली. पातळ, गुंडाळत गेलेली, वीतभर. नोएला थांबली. हाताला काही आठवलं, की तिथे लाकडाच्या रेषाच सरळ होत्या, तिला सांगता येईना. तिने लाकूड उलटं धरलं आणि दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली.