दिवेवाल्याच्या लेकीची दोन पानं

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे आणि आधीच सांगते, फार भित्री आहे. चर्चच्या पाळकांच्या घरामागच्या खोलीत एक काचेचं कपाट आहे, तिथे परवापर्यंत माझा मुक्काम होता. शेजारी माझ्यासारख्याच बहिणी उभ्या असायच्या. सगळ्यांच्या पोटात जुना काळ, घोडागाड्या, प्रार्थना, एक देखणा तरुण आणि शेवटी लग्न.

छापखान्यातून आले तेव्हा माझा थाट काय सांगू! निळं कव्हर, त्यावर समुद्र, दीपगृह आणि वाऱ्यावर केस उडणारी माझी नायिका. ती दीपगृहातल्या दिवेवाल्याची लेक. वादळाच्या वेळी तिला डुलकी लागते, दिवा विझतो आणि जहाज खडकावर फुटतं. भीतीपोटी ती सगळा दोष एका खलाशावर ढकलते. प्रेमही त्याच्यावरच असतं बरं का! तो तुरुंगात जातो. पुढे ती भर चर्चमध्ये उभी राहून सगळं कबूल करते. ते प्रकरण जेमतेम समोरासमोरच्या दोन पानांचं, पण माझा जीव त्यातच आहे. पूर्वी बायका तिथे पोचल्या की डोळे पुसायच्या. माझी पानं ओली व्हायची, तरी मला बरं वाटायचं.

मग एका आईने मुलाला भरवता भरवता मला वाचलं. त्याची जॅमने बरबटलेली बोटं नेमकी त्याच दोन पानांवर टेकली आणि तिने मला तसंच मिटलं. पानं चिकटली ती चिकटलीच. आता कबुली गायब, थेट लग्नच येतं. प्रकरणांचे आकडे कोण बघतं?

आमच्या खोलीत पाळकबाईंचं वाचनमंडळ भरतं आणि तिथे नायिकांची झाडाझडती होते. कसोटी एकच. हिला सून करून घ्याल का? नापास झालेलं पुस्तक कपाटात परतत नाही, दारामागच्या रद्दीच्या पोत्यात जातं. माझ्या एका शेजारणीची नायिका जरा फटकळ होती, ती बिचारी तिथेच गेली. तेव्हापासून कपाटाचं दार करकरलं की मी बहिणींच्या आड दडायला बघायचे.

शेवटी माझी पाळी आली.

"काय बाई ही पोरगी!" निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या. "त्याला तुरुंगात धाडलं आणि वर त्याच्याशीच लग्न!"

"पश्चात्तापाचा एक शब्द नाही तोंडात," म्हणत पाळकबाईंनी मला टेबलावर आपटलं. "मी तर हिला दारातही उभी करणार नाही."

आहे हो शब्द, चांगली दोन पानं भरून आहेत, असं मला ओरडायचं होतं. पण मित्रांनो, कुणी उघडलं तरच आम्हाला बोलता येतं. पोतं समोर दिसत होतं. भीतीने माझी शिवण सैल पडल्यासारखी झाली.

तेवढ्यात पाळकबाईंची धाकटी जाऊ बोलली. एरवी ती तिथे चहाचे कप उचलण्यापुरतीच असायची.

"जाऊबाई, ती घाबरली होती हो. मीपण खोटंच बोलले असते."

पाळकबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"म्हणजे तू घेशील हिला सून करून?"

"घेईन. आधी जेवू घालीन, मग काय ते विचारीन." तिने मला टेबलावरून उचललं. "हे पुस्तक मी घरी नेऊ का?"

"ने बाई. पण परत आणू नकोस."

आता मी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे. ती मला पुन्हा पहिल्यापासून वाचते आहे. काल तिचा अंगठा त्या जाड पानावर अडखळला. तिने ते उजेडात धरलं आणि म्हणाली, "अगं बाई, ही तर दोन आहेत!" आज तिने पाणी उकळत ठेवलं आहे. मला वाफेवर धरलं आहे आणि दुसऱ्या हातात लोणी लावायची बोथट सुरी आहे. पान टरकन फाटेल, अक्षरं सोलून निघतील, काहीही होईल.

मित्रांनो, पुस्तकाला कोरड्या, स्वच्छ हातांनी धरा. आणि कुणालाही पोत्यात टाकण्याआधी त्याची सगळी पानं उघडली आहेत ना, एवढं पाहा. सुरी माझ्या कडेला लागली आहे. मी भीतीने अर्धी झाले आहे. पण बाई, तू थांबू नकोस. थोडं फाटलं तरी चालेल, एकदा त्या दिवेवाल्याच्या लेकीचं ऐकून घे.