दोन वेलींमधली जागा

सासूबाईंनी पॉलिहाऊसच्या मधोमध सुतळी ताणली. डावी बाजू मला, उजवी धाकट्या जावेला. "हंगामाअखेर जिची काकडी सरस, पुढच्या वर्षी सगळं तिच्या हाती," म्हणाल्या. धाकटीला घरात येऊन जेमतेम वर्ष झालेलं, आणि मी इथे हाडाची काडं केलेली. माझ्या पोटात तेव्हाच दुखायला लागलं.

ती दोन रोपांत चांगलं हातभर अंतर ठेवून लावत होती. मी तेवढ्याच जागेत दुप्पट रोपं बसवली. जास्त वेली, जास्त काकडी. याला काय अक्कल लागते?

पहिल्या तोड्याला माझे क्रेट तिच्यापेक्षा कितीतरी जास्त भरले. सासूबाई म्हणाल्या, "थोरली ती थोरलीच." धाकटीचं तोंड एवढंसं झालं. त्या दिवशी मला जेवण फार गोड लागलं.

मग वेली दोरीवरून पार वरपर्यंत चढल्या आणि माझ्याकडे पानात पान अडकलं. खाली ऊन पोचेना, वारा खेळेना. पानांवर भुरी आली, पीठ सांडल्यासारखी पांढरी. काकड्या निघायच्या त्या वाकड्या आणि किडमिड्या. धाकटीकडे मात्र सरळ, हिरव्यागार लटकायच्या. ती गुणगुणत तोडायची आणि ते गुणगुणणं मला मिरचीसारखं झोंबायचं.

उपाय मला ठाऊक होता. एकाआड एक वेल काढायची, उरलेल्या सावरतात. पण काढायची म्हणजे तिचंच बरोबर होतं असं सगळ्यांदेखत कबूल करायचं. बरेच दिवस नुसते दातओठ खाल्ले. शेवटी पॉलिहाऊसच हातचं जाताना दिसलं, तेव्हा कात्री घेतली आणि फळं लागलेल्या वेली बुडातून कापल्या. रडत रडत कापल्या.

डोळे पुसून सुतळीपलीकडे पाहिलं, तर धाकटी गुडघ्यांवर बसून प्रत्येक मोकळ्या जागेत नवं रोप लावत होती.

"अगं, हे काय?"

"तुमचे ते पहिले क्रेट, जाऊबाई. डोळ्यांसमोरून जातच नाहीत माझ्या."

म्हणजे हीसुद्धा जळत होती! पहिल्यांदाच ती मला आपली वाटली. "बाई गं, उपट ती. सावलीत वाढायची नाहीत, आणि चांगल्या वेलींचंही वाटोळं करतील. माझं काय झालं बघतेस ना?"

तिनं माझ्या कापलेल्या वेलींच्या ढिगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "स्वतःचं गेलं म्हणून आता माझंही जावं, असंच ना?" आणि पुढचं रोप लावलं.

पुन्हा सांगता आलं असतं. हात धरून, माझी भुरी आलेली पानं दाखवून सांगता आलं असतं. ती पुन्हा गुणगुणायला लागली.

मी वाकले, तिच्या ट्रेमधलं शेवटचं रोप उचललं आणि तिच्या हातात दिलं.

"घे," म्हटलं, "हे एक राहिलंय."