रानरेड्याचा भाव

नानासोंच्या अंगावरून वारं गेलं ते ऐन ऊसतोडीच्या दिवसांत. रहिमतपूरच्या आसपास शिकारी म्हणून ज्याचं नाव घेतलं जायचं, तो माणूस सोप्यातल्या कॉटवर पडून आढ्याकडे बघत राहिला. हळूहळू पाय थोडा उचलायला लागला, बोलणंही सुटलं. उजवा हात मात्र परक्याचा असल्यासारखा अंगाशेजारी पडून असायचा. मिरजेच्या डॉक्टरांनी कापडाचा चेंडू दिला होता आणि तो दिवसभर दाबत राहा, नाहीतर हात कायमचा जाईल, असं बजावलं होतं. नानासोंनी तो डाव्या हातानं अंगणात भिरकावला. ‘‘मी काय पाळण्यातलं प्वार हाय व्हय?’’ म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, बयाबाईंना बाजूला घेऊन आणखी एक गोष्ट सांगितली होती. औषध आपलं काम करील, पण माणसानंच जगायचं नाही असं ठरवलं तर औषध तरी काय करणार?  नवरा हट्टी आहे हे बयाबाईंना हळद उतरायच्या आतच कळलं होतं. त्यानं मरायचं मनावर घेतलं, तर तेही तो तडीस नेईल याची त्यांना खात्री होती.

अशात एका रविवारी नानासोंचा भाचा कृष्णात स्कूटरवरून आला. त्याचा कुपवाडला पंपाचे सुटे भाग बनवायचा कारखाना होता आणि थोडा माल मुंबईच्या एका व्यापाऱ्यामार्फत पार नैरोबीला जायचा. त्या व्यापाऱ्याकडून त्यानं एक रंगीत पुस्तक आणलं होतं, केनियातल्या शिकार कंपनीचं. बाहेरच्या हौशी लोकांना जंगलात न्यायचं, तंबू, जेवण, जीप, माग काढणारी माणसं सगळं पुरवायचं आणि बंदुकीसमोर जनावर आणून द्यायचं, असा त्या कंपनीचा धंदा. मामाला चित्रं बघून जरा बरं वाटेल, एवढाच त्याचा विचार.

नानासोंनी पानं उलटायला लावली. सिंह झाला, हत्ती झाला, झेब्रा झाला. त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मग रानरेडा आला. काळाकभिन्न, दोन्ही शिंगं कपाळावर एकत्र येऊन टोपासारखी बसलेली, आणि डोळ्यांत उधारी वसूल करायला आल्यासारखा राग.

‘‘ह्येचा रेट काय?’’ नानासो म्हणाले.

आजारी पडल्यापासून त्यांनी आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. बयाबाई आतून हात पुसत आल्या आणि कॉटच्या पायथ्याशी बसल्या. ‘‘मला बी दावा की,’’ म्हणाल्या.

कृष्णातनं वाचून दाखवलं. दिवसाचा आकार वेगळा, जनावराचा वेगळा, परवान्याचा वेगळा, कातडं कमावून पाठवायचा वेगळा. जनावर नुसतं जखमी होऊन पळालं तरी ते मारलं असंच धरून पैसे भरायचे. ‘‘ह्ये मात्र बरूबर हाय,’’ नानासो म्हणाले. ‘‘जखमी जनावर रानात टाकून येणाऱ्याला दंडच बसाय पायजे.’’ बहात्तर सालच्या कायद्यानं शिकार बंद झाल्यापासून त्यांची बंदूक खुंटीला होती आणि त्या विषयावर त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. आता एकदम सगळं बाहेर पडायला लागलं.

कृष्णातनं केनियातल्याच आणखी दोन कंपन्यांना पत्रं टाईप करून पाठवली. उत्तरं आली. मग रोज संध्याकाळी सोप्यात तिन्ही कंपन्यांची पंचायत बसायची. एकीचा रेडा स्वस्त, पण मुक्कामाचे दिवस जास्त. दुसरीत दारू फुकट. ‘‘दारू फुकट म्हंजे माग काढायला बेताचाच माणूस,’’ असा नानासोंचा निकाल. तिसरीचा जेवणाचा थाट बघून बयाबाईंनी विचारलं, की तिथं भाकरी कोण करणार? त्यावर दोघांचं भांडण झालं, आणि भांडता भांडता नानासो उठून बसले.

परदेशात खर्चायचे डॉलर सरकारकडून मागून घ्यावे लागतात आणि शिकारीला एवढे डॉलर सरकार कधीच देणार नाही, हे कृष्णातला ठाऊक होतं. त्यानं ते मामीच्या कानावर घातलं होतं. मामी म्हणाल्या, ‘‘ते मला सांगितलंस ते सांगितलंस. त्यास्नी सांगू नगंस.’’

पण छापलेला भाव म्हणजे भाव, हे काही नानासोंच्या गळी उतरेना. जन्मभर त्यांनी बैलबाजारात सौदे केले होते ते रुमालाखाली. घेणाऱ्यानं आणि देणाऱ्यानं रुमालाआड हातात हात घालायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा, आणि भोवतीच्या माणसांना पत्ता लागू द्यायचा नाही. त्यांनी कृष्णातला पत्र लिहायला लावलं, की त्या पुस्तकवाल्या कंपनीनं आपला एक जबाबदार माणूस रहिमतपूरच्या बाजाराला पाठवावा, जाण्यायेण्याचा खर्च आम्ही सोसू, असा सौदा पोस्टानं होत नसतो. कंपनीचं उत्तर मोठं अदबीचं आलं. हिंदुस्थानात आमचा माणूस नाही आणि आमचा भाव सगळ्यांना सारखाच आहे.

‘‘सगळ्यास्नी एकच भाव? मग ती शिकार न्हवं, रेशनचं दुकान हाय,’’ नानासो म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

 बयाबाईंनी गडी धाडून बिराप्पाला बोलावून घेतलं. बिराप्पा जत भागातला धनगर. दरसाल त्याची बकरी नानासोंच्या रानात खतासाठी बसायची आणि शिकारीत जनावर उठवायला, हाका घालायला तोच पुढं असायचा. बयाबाईंनी त्याला सगळं समजावून सांगितलं. बिराप्पानं डोक्याचा पटका सोडला, कॉटशेजारी मांडी घातली आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, ‘‘आवं नाना, मी कंपनीचा माणूस. बोला.’’

‘‘तू? तुला विंग्रजी येतं का?’’

‘‘बोटाला कुठली आली विंग्रजी? काढा हात. पर उजवा. डाव्या हातानं मी सौदा करत न्हाई.’’

नानासोंचा हात काही हलेना. मग बिराप्पानंच तो निर्जीव हात उचलून पटक्याखाली घेतला आणि धरून बसला. त्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बिराप्पा रोज यायचा, रेड्याचे गुण सांगायचा, कंपनीच्या वतीनं आकडा दाबायचा आणि थांबायचा. नानासोंच्या कपाळावर घाम यायचा. पुढं एका संध्याकाळी बिराप्पाचं बोलणं मध्येच थांबलं. ‘‘एवढ्याला परवडत न्हाई, नाना,’’ तो म्हणाला. पटक्याखाली नानासोंनी त्याचं एक बोट धरलं होतं. बयाबाई आत गेल्या आणि चुलीपुढं बसून मनसोक्त रडल्या.

उन्हाळा सरत आला तोवर नानासो भिंतीला धरून दारापर्यंत जायला लागले, पेला उजव्या हातानं उचलायला लागले. रेड्याचा सौदा काही केल्या मिटत नव्हता. आणि अशात कृष्णात पुन्हा आला. या खेपेला तो सोप्यात न थांबता थेट स्वयंपाकघरात शिरला.

‘‘मामी, सगळं संपलं. केनियाच्या सरकारनं शिकार बंद केली. कंपनी म्हणते, आता फोटो काढायला या.’’

बयाबाई भाकऱ्या थापत होत्या. त्यांच्या हातातला उंडा तसाच राहिला. एकदा आपल्या सरकारनं बंद केली तेव्हा हा माणूस वर्षभर धड बोलला नव्हता. आता पुन्हा पडला, तर तो उठायचा नाही.

‘‘दुसऱ्या मुलखात हाय का रं कुठं?’’

‘‘असेल. चौकशी करतो. तोवर काय सांगायचं?’’

‘‘मी बघते.’’ थापलेली भाकरी तव्यावर टाकून त्या पिठाच्या हातानंच बाहेर गेल्या. ‘‘कृष्णात आलाय,’’ कॉटवर टेकत म्हणाल्या. ‘‘कंपनीचं पत्र लांबलंय म्हणं. रेट बदलायचं चाललंय.’’

नानासोंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ‘‘आतलं समदं ऐकाय आलं. शिकार बंद झाली न्हवं?’’

बयाबाईंना खोटं पुढं रेटता आलं नाही. त्यांनी मान हलवली.

‘‘बरं झालं. वाचली जनावरं.’’ नानासो शांतच होते. ‘‘आगं, मी कुठं जाणार हुतो? मला बांधापतूर जाता येईना, मी केनियाला जाईन?’’

‘‘म्हंजे? मग हे येवढं कशापायी केलंत? माझा जीव टांगणीला लावून?’’

 नानासो म्हणाले, ‘‘चाळीस वर्सं शिकार केली. रात-रात रानात काढली. तू कवा इचारलं न्हाईस, कुठं गेलतासा, काय झालं.’’

‘‘तुमी कवा सांगितलंत? जिता येताय का न्हाई म्हणून मी दाराकडं डोळं लावून बसायची. तुमी यायचा आन निजायचा.’’

‘‘व्हय. खरं हाय.’’ त्यांनी उजवा हात हळूहळू उचलून मांडीवर घेतला. ‘‘ते पुस्तक आलं त्या दिवशी तू हितं बसलीस, आन म्हणालीस, मला बी दावा. मला वाटलं, ह्ये पुस्तक जवर हाय, तवर ही बसंल.’’

बयाबाईंना राग आला, आणि राग आला याचंच रडू आलं. त्यांनी डोळे पुसले तर गालाला पीठ लागलं. आपण याला जगवतोय असं त्या समजत होत्या, आणि हा आपल्यालाच बसवून घेत होता. मग इतके दिवस जे कुणालाच विचारता आलं नव्हतं, ते त्यांनी सरळ विचारलं.

‘‘आता शिकार न्हाई, रेडा न्हाई, पुस्तक न्हाई. खरं सांगा, जगायचं हाय का?’’

‘‘हाय,’’ नानासो म्हणाले. ‘‘पर तू उठून जाऊ नगंस.’’

आतून करपल्याचा वास आला. बयाबाईंनी पदर सावरला आणि पाय वर घेऊन कॉटवर नीट बसल्या.

‘‘कृष्णात,’’ त्यांनी आत हाक दिली, ‘‘तेवढी भाकरी उलथ, बाबा.’’