आतपर्यंत पोचलेलं कुंकू

अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यात मालिनी केमिस्ट होती आणि गुप्तेसाहेब तिच्या लॅबचे प्रमुख, म्हणजे सह्यांपुरते. रेणूंची रचना दाखवणारा प्रोग्राम लॅबच्या कॉम्प्युटरच्या लिनक्स प्रणालीवर चढवायला तिने खटपट करून त्याच्या सतरा फ्लॉप्या मिळवल्या होत्या. खंडेनवमीला साहेबांनी मॉनिटरला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि एकेका फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवून आत चिमूटभर कुंकू वाहिलं.

दसऱ्यानंतर मालिनीने पहिली फ्लॉपी घातली, तर ती वाचलीच जाईना. दुसरीचंही तेच. तिने झडप उघडली आणि बोट लाल झालं.

"सर, कुंकू बाहेरून लावतात."

"बाहेरून लावलेलं आत पोचतं का?" गुप्ते म्हणाले. "तुमचं लिनक्सच फुकटातलं, ते असंच असणार. रिपोर्ट द्या."

ज्याला कॉम्प्युटर चालू करायला शिपाई लागतो, त्याच्याशी काय डोकं लावायचं? रिपोर्टात 'बिघाडाचं कारण' या रकान्यात तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'लॅबप्रमुखांनी फ्लॉप्यांत घातलेलं कुंकू', आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला.

नेहमीप्रमाणे न वाचताच त्यांनी झोकात सही ठोकली. "हेड ऑफिसला आजच जाऊ दे," ते म्हणाले.